फौजदाराचा ताईत

पाक थोन, ७ जून

दारिन,

हे पत्र मी आपणहून लिहितोय असा गैरसमज करून घेऊ नकोस. गृहपाठ आहे. साठीला एक वर्ष उरलेलं असताना तुझ्या बापाला गृहपाठ मिळालाय.

झालं असं की वरून हुकूम आला. प्रत्येक पोलीस ठाण्यात दर गुरुवारी मनःशांतीचा वर्ग घ्यायचा. शेजारच्या प्रांतात लागोपाठ काही पोलिसांनी जीव दिला, तेव्हा वरच्यांना आठवलं की पोलिसाला मन नावाची वस्तू असते. मोठ्या साहेबांनी लगेच कापडी फलक करून आणला, 'शांत मन, सज्ज पोलीस'. पहिल्या दिवशी सगळ्यांना पिवळे सदरे घालायला लावून त्याच्याखाली फोटो काढला आणि ते मीटिंगला निघून गेले. आम्ही मनःशांतीला उरलो.

शिकवायला टेकडीवरच्या विहारातले भंतेजी येतात. चीवर घेण्यापूर्वी ते बस कंडक्टर होते, त्यामुळे आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. दारात दोन टेबलं. एकावर पट्टे आणि पिस्तुलं ठेवायची, दुसऱ्यावर पितळी तबक, त्यात मोबाइल. मग डोळे मिटून बसायचं आणि पोटाकडे लक्ष द्यायचं. पोट फुगतंय, पोट बसतंय. आमच्यातल्या निम्म्यांची पोटं बसतच नाहीत, ते काय करणार? ट्रॅफिकचा खामपान पहिल्या पाच मिनिटांत घोरायला लागतो. भंतेजी रागवत नाहीत. म्हणतात, "घोरणं ऐकू येतंय ना? मग मनात म्हणा, ऐकू येतंय, ऐकू येतंय. चिडू नका, उठू नका. नुसती नोंद घ्या."

गेल्या गुरुवारी म्हणाले, ज्याच्याशी मनात गाठ बसलीय त्याला चार ओळी लिहा. बाकीच्यांनी तिथल्या तिथे बायकोला मोबाइलवर फुलं पाठवली आणि मोकळे झाले. मला विचारलं, "हवालदार, तुमची गाठ कुणाशी?" मी म्हटलं, "गुडघ्याशी." सगळे हसले. भंतेजीही हसले, पण माझ्यावरची नजर काही काढली नाही. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून मला पाकीट आणि तिकीट आणावं लागलं. पोस्टातली बाई म्हणाली, "काका, कोर्टाचं काम का?" हल्ली माणसं माणसांना पत्र लिहीत नाहीत.

चार ओळी केव्हाच झाल्या. आता मुद्द्याचं.

त्या सकाळी मी मागच्या पायरीवर पिस्तूल साफ करत होतो. दोन वर्षं तेच सांगतोय. तू सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सुट्टीला आली होतीस, दार उघडलंस, काय पाहिलंस कोण जाणे. मनोरुग्णांची नर्स झालीस म्हणून बापही पेशंट दिसायला लागला. मला एका शब्दाने न विचारता मोठ्या साहेबांना फोन केलास. पिस्तूल गेलं, गस्त गेली, मी मुद्देमाल खोलीत आलो, चोरीच्या सायकली आणि हातभट्टीचे कॅन राखायला. ठाण्यात अजून माझ्यासमोर कुणी मोठ्याने वही आपटली तर दुसरा म्हणतो, "हळू रे, काका बिथरतील." मी तुला म्हटलं की या घराची पायरी पुन्हा चढू नकोस. माझीच मुलगी तू. शब्द पाळलास.

गृहपाठ संपला.

तुझा बाप,
ठोंगबाय

पाक थोन, २३ जून

दारिन,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं. भंतेजी म्हणाले की उत्तराची वाट न बघता लिहिणं हाच अभ्यास आहे. कंडक्टर होते तेव्हाही सुट्टे पैसे असेच नंतर देत असतील.

आज तुला आमच्या फौजदाराबद्दल सांगतो. पाकिन नाव. तू इथे होतीस तेव्हा तो नव्हता. वय चौतीस, तपासाचं काम त्याच्याकडे. तीन तपास अधिकारी असायला हवेत, एक बदलून गेला, दुसरी बाळंतपणाच्या रजेवर, म्हणजे सगळी प्रकरणं याच्या टेबलावर. कागद स्वतःच्या पैशाने आणतो, छापायची शाई स्वतःच्या पैशाने आणतो. फिर्यादी त्याला शिव्या घालतो, आरोपीची आई शिव्या घालते, वकील गोड बोलून शिव्या घालतो आणि संध्याकाळी साहेब विचारतात, "अजून झालं नाही?" तरी तो मुद्देमाल घ्यायला माझ्या खोलीत आला की आधी नमस्कार करतो. अधिकारी आहे, मला नमस्कार करायची त्याला काही गरज नाही. मी म्हणतो, "फौजदारसाहेब, उलटं करताय." तो म्हणतो, "काका, वयाचं आधी, हुद्द्याचं नंतर."

त्याच्या गळ्यात एक ताईत असतो. मातीचा बुद्ध, नखाएवढा, चांदीच्या डबीत. आजोबा सरहद्दीवरच्या लढाईतून जिवंत परत आले ते याच्यामुळे, असं त्यांच्या घरात मानतात. आपल्या ठाण्यात कुणाच्या गळ्यात चार ताईत, कुणाच्या नऊ, खामपान तर सहा घालून चालताना बैलासारखा वाजतो. पण पाकिनच्या त्या एकावर सगळ्यांचा डोळा. स्वतः मोठ्या साहेबांनी एकदा नुसता हातात बघायला मागितला, तर हा काढीना. सदऱ्याचं बटण उघडून लांबूनच दाखवला. "साहेब, अंघोळ करतानाही काढत नाही मी," म्हणाला. साहेब आठवडाभर फुगून बसले होते.

हल्ली तो वाळलाय. डब्यातला चिकट भात तसाच परत नेतो. खुर्चीत झोपतो. परवा एका लहान मुलीच्या प्रकरणात जबाब घेऊन आला, आणि माझ्या खोलीत येऊन बसला तो बसलाच. पंख्याखाली दोघं बसलो होतो. मग त्याने विचारलं, "काका, तुमचं पिस्तूल काढून घेतलं, तेव्हा पुढे काय काय झालं?"

मी सांगितलं. जसं झालं तसं सांगितलं, उलट थोडं मीठमसाला लावूनच. बढती गोठली ते सांगितलं. दवाखान्यात ओळीत बसलो असताना मीच पकडलेला अफूवाला शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "हवालदार, तुम्हीपण?" ते सांगितलं. पोलीस लाइनीतल्या बायका आपल्या पोरांना माझ्या दारावरून जाताना हाताला धरून नेत, तेही सांगितलं. तो खूप हसला. हसताना डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, "म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, "आपल्या खात्यात तर दोन लाखांची."

प्रांताहून मानसशास्त्राच्या एक बाई प्रश्नपत्रिका घेऊन आल्या होत्या. झोप लागते का, जगणं नको वाटतं का, असले प्रश्न. सगळ्यांनी एकमेकांचं बघून 'अजिबात नाही'वर खूण केली. भरतीच्या परीक्षेला आम्ही इतकी एकजूट दाखवली नव्हती. बाई म्हणाल्या, "असं निरोगी ठाणं मी पाहिलं नाही." त्यांना कळलं असणार. पण खुणा केलेल्या कागदांपुढे त्या तरी काय करतील?

तुझी कोंबडी मेली. म्हातारी झाली होती.

ठोंगबाय

पाक थोन, १२ जुलै

दारिन,

आज तुला चांगली बातमी द्यायचीय, म्हणून गृहपाठ नसताना लिहितोय. तुझ्या तोंडावर एकदा तरी म्हणायचं होतं की मनाचे आजार दवाखान्यात न जाताही बरे होतात. आता पुरावा आहे.

तो पाकिन. गेल्या पंधरा दिवसांत माणूस पालटलाय. चेहरा निवळला. टेबल आवरलेलं, फायली ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, यात काय उरलंय, कुणाला विचारायचं. साहेब ओरडले तरी मंद हसतो. शांत झोप लागते म्हणाला. भंतेजी तीन गुरुवार 'सोडणं' शिकवताहेत. जे घट्ट धरलंय ते हळूहळू सोडा, मूठ उघडा, असं. आमच्यापैकी कुणी दारू सोडली नाही, कुणी लॉटरी सोडली नाही. आम्ही म्हणजे पालथा घडा. पण हा खरंच सोडायला लागला. त्याच्याकडे कवडा जातीचं एक गाणारं पाखरू होतं, स्पर्धेत बक्षीस मिळवलेलं. ते पिंजऱ्यातून काढून चहावाल्या मावशीला दिलं. पिंजरा नको म्हणाली ती, तिच्याकडे आहे. त्याची चांगली गोधडी कोठडीच्या पहाऱ्यावरच्या शिपायाला दिली. बायको आणि लेकीला माहेरी पाठवलं, म्हणाला, "खूप दिवस मागे लागली होती, जाऊन या."

आणि काल वर्ग संपल्यावर तो उठला, सगळ्यांसमोर माझ्याकडे आला, आणि गळ्यातला ताईत काढला.

दारिन, साहेबांनाही लांबूनच दाखवलेला तो ताईत. त्याने तो दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे केला. मी म्हटलं, "फौजदार, चेष्टा करू नका." तो म्हणाला, "काका, सोडायला शिकतोय. तुमच्या गळ्यात शोभेल. तुम्ही माझ्याशी बसलात." मी काय त्याच्याशी बसलो? पंख्याखाली बसलो होतो. पण माझे हात पुढे झाले. खोटं कशाला सांगू, हावही सुटली.

भंतेजींनी हात जोडले. सगळे एका सुरात म्हणाले, साधु, साधु, साधु. खामपानच्या डोळ्यांत पाणी. मोठे साहेब नेमके दारात होते, त्यांनी पुन्हा एकदा द्यायला लावून फोटो काढला, कारण पहिल्यांदा माझे डोळे मिटले होते. तो फोटो आता फलकाच्या शेजारी लागलाय आणि प्रांताच्या कचेरीतही गेलाय. आमचा वर्ग जिल्ह्यात पहिला येईल म्हणतात.

तू त्या वॉर्डात गोळ्या मोजत बसतेस. इथे बघ, एक म्हातारा कंडक्टर आणि एक पितळी तबक, एवढ्यात माणूस बरा झाला.

ताईत माझ्या गळ्यात आहे. मातीचा असून उबदार लागतो.

तुझा बाप

पाक थोन, २० जुलै

दारिन,

तुला सगळं माहीत आहे, तू फोनवर होतीस. पण तुझ्या फोनच्या आधीचं तुला माहीत नाही. ते लिहिल्याशिवाय मला भाताचा घास गिळता येणार नाही.

गुरुवारी वर्ग होता. पाकिन आला नाही. निरोप होता की एक जबाब पुरा करायचाय. साहेब म्हणाले, "त्याला माफ आहे, तो आपला पहिला नंबर." आम्ही पट्टे टेबलावर ठेवले, मोबाइल तबकात ठेवले, डोळे मिटले.

थोड्या वेळाने तबक वाजायला लागलं. कुणाचा तरी मोबाइल थरथरत पितळेवर सरकत होता. आवाज असा की डोकं उठावं. थांबला, पुन्हा सुरू झाला. खामपान कुजबुजला, "कुणाचा आहे तो, बंद करा." भंतेजी म्हणाले, "कुणी उठू नका. आवाज येतोय, येऊ द्या. ऐकू येतंय, ऐकू येतंय."

तो माझा मोबाइल होता. मला माहीत होतं. माझ्या जुन्या डबड्याइतका कुणाचाच सरकत नाही. मनात आलं, विमा विकणारी असेल. एरवी मी उठलो असतो, आयुष्यभर आवाज झाला की उठलोय, तीच माझी नोकरी. पण त्या दिवशी उठलो नाही. मनात म्हणत राहिलो, ऐकू येतंय, ऐकू येतंय. आणि दारिन, मला बरं वाटलं. छाती हलकी झाली. पहिल्यांदा मला ते जमलं. आवाज तिसऱ्यांदा आला आणि थांबला, आणि मी जागचा हललो नाही, याचा मला अभिमान वाटला.

वर्ग संपला. अनोळखी नंबर. मी परत लावला.

"बाबा?"

दोन वर्षांनी. मला वाटलं, पत्रं पोचली. मी म्हटलं, "दारिन? अगं, जेवलीस का?"

"बाबा, तो कुठेय? तुमचा फौजदार कुठेय?"

"कोण, पाकिन? असेल टेबलावर. का गं?"

तू ओरडलीस. तू लहानपणीसुद्धा कधी माझ्यावर ओरडली नव्हतीस. "तो बरा नाही झालाय, बाबा! तो निरोप घेतोय! पाखरू दिलं, ताईत दिला, बायकोला पाठवून दिलं, तुम्हाला काहीच कसं कळलं नाही? जा त्याच्याकडे. आत्ता. फोन बंद करू नका."

टेबलावर तो नव्हता. टेबल पुसलेलं होतं. मी पोलीस लाइनीकडे धावलो. या गुडघ्यांनी मी धावलो, दारिन. खामपान मागून विचारत होता, काय झालं काय झालं. ओट्यावर रिकामा पिंजरा. दार नुसतं लोटलेलं.

पुढचं तू ऐकलंस. मी पुन्हा लिहीत नाही.

तू म्हणत होतीस, "बाबा, कशाला हात लावू नका, बाहेर येऊन बसा, माझ्याशी बोला." हात लावायचा नसतो हे मला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. पण मी लावला. त्याचे पाय अजून गार झाले नव्हते.

डॉक्टरांना विचारलं, नेमका केव्हा? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. कदाचित वर्ग सुरू होण्याआधीही असेल. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "हवालदार, घरी जा."

ठोंगबाय

पाक थोन, २५ जुलै

दारिन,

काल त्याला अग्नी दिला.

चितेपूर्वी घरातल्या कुणीतरी त्याच्यासाठी एक दिवस चीवर घेऊन भिक्खू व्हावं लागतं, तुला ठाऊक आहेच. मुलगा, पुतण्या, भाचा, कुणीतरी. त्याला एकच लेक, पाच वर्षांची. बाकी कुणी पुरुष नाही. बायको ओराया म्हणाली, "ठोंगबायकाका, तुम्ही घ्याल का? हे घरी आले की तुमचंच नाव काढायचे." मी काय नाही म्हणणार होतो? भंतेजींनी स्वतः माझं डोकं भादरलं, भुवयासुद्धा. कानामागे कापलं. पोरगी समोर उभी राहून बघत होती. म्हणाली, "आजोबा, तुमच्या भुवया कुठे गेल्या?" मी म्हटलं, "भंतेजींनी ठेवून घेतल्यात." ती म्हणाली, "बाबांच्या पण घेतल्या का?" ओरायाने तिला उचलून नेलं.

मोठ्या साहेबांनी भाषण केलं. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हे ते. अहवालात कारण लिहिलंय 'घरगुती'. नेहमी तेच लिहितात. ओराया पहिल्या रांगेत बसली होती आणि तिला ते माहीत होतं. घरगुती म्हणजे ती. आता माहेरीसुद्धा लोक तिच्याकडे बघून विचार करणार, काय केलं असेल हिने. मी चीवरात होतो म्हणून गप्प बसलो, नाहीतर पुढे जाऊन माइक हिसकावला असता.

चंदनाच्या नावाची कागदी फुलं चितेवर वाहून झाल्यावर मी ताईत ओरायापुढे केला. म्हटलं, लेकीसाठी ठेव. तिने हात मागे घेतले. "त्यांनी तुम्हाला दिलाय, काका." मग विचारलं, "देताना काही बोलले होते?" मी म्हटलं, "सोडायला शिकतोय म्हणाले." तिने नुसती मान हलवली. मला वाटलं, तिने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी विहाराच्या पायरीवर भंतेजी माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "हवालदार, मी सोडा सोडा म्हणत राहिलो. काय सोडतोयस बाबा, हे एकदा विचारलं नाही. बसमध्ये माणूस नुसता दारात उभा राहिला तरी मी विचारायचो, कुठे उतरायचंय." आणि ते रडले. रडणारा भिक्खू मी पाहिला नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, मग आठवलं की ठेवायचा नसतो, पण तोवर ठेवून झाला होता.

साधु साधु म्हणणाऱ्यांत मी होतो, दारिन. ज्याने घेतला तो मी. आम्ही सगळे मिळून त्याच्या निरोपाला टाळ्या वाजवत होतो, आणि एकटी तू, इतक्या लांब, पत्राची घडी उघडलीस आणि तुला कळलं.

ठोंगबाय

पाक थोन, १६ ऑगस्ट

दारिन,

त्या दिवसानंतर तुझा फोन नाही. पण सोमवारी मी सवयीने तुला 'शुभ सोमवार'चं, वाराच्या रंगाचं पिवळं फूल पाठवलं, आणि खाली 'वाचलं' अशी अक्षरं आली. दोन वर्षं ती येत नव्हती. मंगळवारी गुलाबी पाठवलं. तेही वाचलंस. काही म्हणत नाहीस ते ठीक आहे. मी रोज पाठवीन.

वर्ग चालू आहे. पावसाळ्याच्या वर्षावासात भंतेजींना विहाराबाहेर मुक्काम करता येत नाही, पण सकाळी येऊन दुपारी परत जातात. तबक काढून टाकलंय. आता मोबाइल प्रत्येकाच्या मांडीवर असतो, आणि वाजला तर उचलायचा असा नियम आहे. भिंतीवरचा तो फोटो मी काढला. साहेब म्हणाले, "कुणाला विचारून?" मी म्हटलं, "पाकिनला." साहेब आपल्या खोलीत निघून गेले. त्यांनाही झोप लागत नाही असं त्यांचा ड्रायव्हर सांगतो.

गेल्या गुरुवारी भंतेजींनी डोळे मिटायला सांगितले नाहीत. म्हणाले, आज कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा. कुणाला काही सांगायचं नव्हतं. मग मीच उठलो. म्हटलं, "मुलांनो, दोन वर्षांपूर्वी मी मागच्या पायरीवर पिस्तूल साफ करत होतो असं सांगतो ना? मी साफ करत नव्हतो."

कुणी हसलं नाही. पुढे मला फार बोलता आलं नाही. एवढंच म्हटलं की पिस्तूल गेल्यावर माझी फजिती झाली ती मी तुम्हाला रंगवून रंगवून सांगितली, पाकिनलाही सांगितली. पण त्या फजितीनंतर मी दोन वर्षं जेवलो, झोपलो, कोंबड्या पाळल्या, हे कुणालाच सांगितलं नाही. ते सांगायचं राहिलं. पाकिनला ते ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी खामपान मुद्देमाल खोलीत आला. सहाही ताईत गळ्यात, आधी ते बघून घेतले मी. इकडे तिकडे बघत पिस्तूल टेबलावर ठेवलं. म्हणाला, "काका, घोडा जरा अडकतोय. काही दिवस राहू दे तुमच्याकडे." मी घोडा ओढून पाहिला. लोण्यासारखा चालत होता. मी म्हटलं, "हो रे, फारच अडकतोय. वेळ लागेल." कपाटात कुलपात ठेवलंय. दुपारी त्याला बोलावून बळेच अर्धा डबा खायला लावला. तुझ्या दवाखान्याचा नंबर त्याला दिलाय. लावेल की नाही सांगता येत नाही. माझं ऐकून एक आला, बाकीचे अजून एकमेकांचं बघूनच खुणा करताहेत.

त्या सकाळचं तुला एक सांगायचंय. तू मागचं दार उघडलंस तेव्हा ओरडली नाहीस. तुला सगळं दिसलं होतं, आणि तू फक्त विचारलंस, "बाबा, कॉफी करू का?" मी म्हटलं, "कर." तेवढ्यावर मी जगलो. मग तू आत जाऊन साहेबांना फोन केलास, आणि मी आयुष्यभर पुरेल एवढा तुझ्यावर चिडलो. बरोबर केलंस. हे लिहायला मला दोन वर्षं आणि एक माणूस लागला.

आता ताईताचं. तो मला गळ्यात जड होतो. पाकिनची पोरगी मोठी झाली की तिला द्यायचा, हे मी ओरायाशी बोलून ठेवलंय. तोवर तुझ्याकडे सुरक्षित राहील असं मनात आलं, म्हणून काल जाड पाकीट आणलं, कापूस आणला, ताईत काढून कापसात गुंडाळला, तुझं नाव घातलं. आणि मग पाकीट चिकटवता चिकटवता थांबलो. तू ते पाकीट उघडशील, आत ताईत बघशील, आणि त्या वॉर्डात उभ्या उभ्या तुझं काय होईल.

म्हणून पाठवत नाही. पुन्हा गळ्यात घातलाय. मी कुणाला काही देत नाहीये, दारिन. रेडिओ खिडकीत आहे, सायकल जिन्याखाली आहे, कोंबड्या तीन आहेत, तुझी खोली तू सोडून गेलीस तशीच आहे. पायरीबद्दल मी जे म्हणालो होतो ते मागे घेतो. पुढच्या दाराला कुलूप असलं तर मागच्या पायरीने ये.

ताईत माझ्या गळ्यात आहे की नाही, हे माझ्या शब्दावर मानू नकोस. येऊन बघ.

बाबा